सुगी (परभणी जिल्हा)

सुगी म्हणजे शेतातील उभे पीक काढून, मळून, धान्य घरी आणण्याचा काळ होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील परभणी जिल्ह्यात हा शब्द परंपरेने प्रामुख्याने रब्बी ज्वारीच्या काढणीसाठी वापरला जातो. साधारणतः माघ ते चैत्र, म्हणजे फेब्रुवारी ते मार्च-एप्रिल हा तिचा काळ असतो. या काळात वर्षभराची भाकरी आणि जनावरांचा वर्षभराचा चारा एकाच पिकातून घरी येत असल्याने सुगी हा गावाच्या अर्थव्यवहाराचा कणा होता. गेल्या काही दशकांत सोयाबीनचा प्रसार, यंत्रे, सिंचन आणि मजुरांची टंचाई यांमुळे सुगीचा काळ, तिची रीत आणि तिच्यातून घरी येणारी वस्तू या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत.

नाव

मराठी 'सुगी' आणि कन्नड 'सुग्गी' हे शब्द एकाच अर्थाचे आहेत. भरभराटीच्या काळाला 'सुगीचे दिवस' म्हणण्याचा प्रघात याच शब्दावरून पडला. पीक काढण्याच्या क्रियेला परभणी भागात 'काढणी' म्हणतात. 'सुगी' या शब्दात मात्र काढणीपासून धान्य कणगीत पडेपर्यंतची सर्व कामे, त्यांतील देणीघेणी आणि विधी यांचा समावेश होतो.

नदी, जमीन आणि पीक

परभणी जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांच्या परिसरातून गोदावरी वाहते. पूर्णा ही तिची येथील मुख्य उपनदी असून पूर्णा तालुक्यातील कंठेश्वर येथे ती गोदावरीला मिळते. दुधना ही पूर्णेची उपनदी होय. जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूर भागात अजिंठ्याच्या रांगांचे, तर दक्षिणेस गंगाखेड-पालम भागात बालाघाटाचे फाटे आहेत. या दोहोंमधील सखल पट्टा खोल काळ्या जमिनीचा आहे.

सुमारे १,४६५ किलोमीटर लांबीच्या गोदावरीच्या काठी सर्वत्र एकच पीक येत नाही. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रवरमच्या खाली नदीचे फाटे फुटून त्रिभुज प्रदेश तयार होतो. दवळेश्वरम येथे ऑर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या बंधाऱ्याच्या कालव्यांवर तेथे भातशेती विस्तारली. तेथे सुगी म्हणजे भाताची कापणी. त्याच नदीच्या मधल्या खोऱ्यात, परभणीत, सुगी म्हणजे ज्वारीची काढणी. परभणी जिल्ह्यात भाताचे क्षेत्र अल्प आहे. तथापि, 'प्रभावती' ही भाताची जात परभणी येथील संशोधनातूनच निघाली असून प्रभावती हे परभणीचे जुने नाव समजले जाते.

हा फरक पाण्याप्रमाणेच मातीमुळेही पडतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. जून ते सप्टेंबर या काळात पडलेल्या पावसाची ही ओल जमिनीत टिकून राहते. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते. त्यानंतर पाऊस झाला नाही तरी जमिनीत साठलेली ओल, हिवाळ्यातील थंडी आणि पहाटेचे दव यांवर हे पीक येते. म्हणूनच जिरायत शेतकऱ्याला ते भरवशाचे वाटत आले आहे. या हंगामातील प्रसिद्ध जात 'मालदांडी ३५-१' ही सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथून निघाली. ती सुमारे १२० ते १२५ दिवसांत तयार होते.

राखण आणि हुरडा

कणसात दाणा भरू लागला की पाखरांपासून पिकाची राखण करावी लागते. शेतात लाकडांचा उंच माळा बांधून त्यावरून गोफणीने गुंडे फेकण्याची व हाकारे घालण्याची पद्धत होती. सकाळ आणि संध्याकाळ या पाखरांच्या चरण्याच्या वेळा असल्याने राखणदाराचा मुक्काम बहुधा शेतातच असे.

दाणा दुधाळ अवस्था ओलांडून कोवळा असतानाच कणसे खुडून गोवऱ्यांच्या आरात भाजली जातात. ती हातावर चोळून काढलेला दाणा म्हणजे हुरडा. शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, गूळ आणि दही यांबरोबर तो खाल्ला जातो. ज्या खड्ड्यात आर केला जातो त्यास 'आगटी' म्हणतात. हुरड्यासाठी गोड आणि सहज सुटणारा दाणा लागतो. 'गुळभेंडी' ही त्यासाठी प्रसिद्ध असलेली पारंपरिक जात असून परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी वसंत' ही जात हुरड्यासाठीच विकसित केली आहे. हुरड्यासाठी पाहुण्यांना शेतावर बोलावण्याची रीत जुनी आहे. अलीकडे शुल्क आकारून हुरडा देणारी कृषी पर्यटन केंद्रेही निघाली आहेत.

काढणी

दाण्याच्या खालच्या टोकाशी काळा ठिपका दिसू लागला की पीक पक्व झाले असे समजतात. दाणा दाताखाली धरला असता कट्कन फुटणे ही शेतकऱ्यांची पारंपरिक कसोटी होय.

रब्बी ज्वारी विळ्याने कापण्यापेक्षा मुळासकट उपटण्याची रीत या भागात रूढ आहे. उपटल्याने धाटाची पूर्ण लांबी कडब्यात मिळते आणि शेत पुढील मशागतीस मोकळे होते. या वेळेपर्यंत जमीन वाळून घट्ट झालेली असल्याने हे काम अतिशय कष्टाचे ठरते. तळहाताला फोड येतात आणि पानांच्या कडांनी कातडी चिरते. त्यामुळे उन्हापूर्वी, पहाटेच कामास सुरुवात केली जाते. उपटलेली ताटे काही दिवस शेतात पसरून वाळवतात. नंतर कणसे खुडून वेगळी करतात आणि धाटांच्या पेंढ्या बांधतात. खुडणी आणि पेंढ्या बांधण्याच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

काम वेळेत उरकण्यासाठी शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबत. या परस्पर श्रमाला 'सावड' म्हणतात. मोठ्या कामासाठी गावातील माणसे बोलावून मजुरीऐवजी जेवण देण्याच्या पद्धतीला 'इर्जिक' हे नाव आहे. अशा सामूहिक कामाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गीतांना 'भलरी' म्हणतात.

खळे आणि मळणी

मळणीसाठी शेतात किंवा गावाजवळ गोल जागा तयार करीत. ती खणून, पाणी मारून, चोपून आणि शेणाने सारवून कठीण केली जाई. हेच खळे होय. मधोमध एक खांब रोवलेला असे, त्याला 'तिवडा' म्हणतात. त्याच्याभोवती कणसे पसरून त्यांवरून बैल गोल फिरवीत. बैलांनी धान्य खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी बांधत. काही ठिकाणी दगडी रूळही फिरविला जाई.

मळलेले धान्य भुसापासून वेगळे करण्याच्या क्रियेला 'उपणणी' म्हणतात. वारा सुटल्यावर उंच तिवईवर उभे राहून सुपातून किंवा पाटीतून धान्य हळूहळू खाली सोडले जाते. जड दाणा सरळ खाली पडतो आणि भूस वाऱ्याबरोबर पुढे जाते. वारा पडला तर उपणणी थांबे, त्यामुळे मळणी होऊनही धान्य अनेक दिवस खळ्यातच राहत असे.

खळ्याशी निगडित अनेक संकेत होते. खळ्यात पादत्राणे घालून जात नसत. धान्याची रास झाल्यावर तिची पूजा करून नारळ फोडत. मोजणी करताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत आणि पुढे दोन, तीन अशी गणती चाले. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही प्रचलित मापे होती. भारतात १९५८ पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी ग्रामीण बोलण्यात पायली टिकून राहिली.

साठवण

घरी आणलेली ज्वारी कडक उन्हात वाळवून साठवली जाते. बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या कणग्या हे साठवणीचे नेहमीचे साधन होते. मोठ्या शेतकऱ्यांकडे पेव असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे धान्याचे कोठार होय. काळ्या मातीत ओल धरत असल्याने पेवे शेतात न खणता गावठाणातील पांढरीच्या जमिनीत खणली जात. कडब्याचे अस्तर देऊन ती भरत आणि तोंड मातीने बंद करीत. आतील प्राणवायू कमी होत गेल्याने किडीचा उपद्रव कमी होई. पेव उघडल्यावर आत साठलेल्या वायूने गुदमरण्याचा धोका असल्याने प्रथम दिवा सोडून तो विझतो की जळत राहतो हे पाहत आणि मगच माणूस उतरत असे.

कडबा

कणसे काढून घेतलेल्या वाळक्या धाटांना कडबा म्हणतात. रब्बी ज्वारीचा, विशेषतः मालदांडीचा कडबा जनावरे आवडीने खातात. कडब्याच्या पेंढ्या रचून गंज लावली जाते आणि पावसाळ्यापूर्वी ती शाकारली जाते. बैलांवर चालणाऱ्या शेतीत कडबा हे नांगरणीचे इंधनच होते. धान्य थोडे आले तरी चालेल, परंतु कडबा हवा, असा विचार करून पीक निवडले जाई. दुष्काळात सर्वप्रथम टंचाई जाणवते ती कडब्याची, आणि त्यापाठोपाठ जनावरे बाजारात येऊ लागतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात माणसांसाठी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी वाटण्यात आली. जनावरांना मात्र घरचा कडबा संपल्यावर असा पर्याय सहज उपलब्ध नव्हता.

खळ्यावरील वाटणी

खळ्यातून सर्व धान्य थेट मालकाच्या घरी जात नसे. वर्षभर काम केलेल्या सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट आदी बलुतेदारांना त्यांचा वाटा खळ्यावरच दिला जाई. त्यालाच बलुते म्हणतात. सालगड्याच्या वर्षाच्या करारातही रोख रकमेबरोबर धान्याचा भाग असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात दख्खनच्या खेड्यांतील या व्यवहाराचे तपशीलवार वर्णन आढळते.

ही व्यवस्था समतेची नव्हती. वाटा जातीच्या उतरंडीनुसार ठरत असे. तळाच्या जातींच्या वाट्याला अनेकदा खळ्याच्या तळाशी उरलेले मातीमिश्रित धान्य, म्हणजे मातेरे येत असे. वाट्याचे प्रमाण मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहत असल्याने तो मिळविण्यासाठी खळ्यावर तिष्ठत बसावे लागे. बलुते बंद होण्यामागे रोख मजुरी आणि कारखानी वस्तू यांबरोबरच या अपमानास्पद कामांना दलित समाजाने दिलेला नकार हेही महत्त्वाचे कारण आहे.

काढणीनंतर शेतात गळून पडलेली कणसे वेचण्यास 'सरवा वेचणे' म्हणतात. भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया व मुले सरवा वेचून काही दिवसांचे धान्य मिळवीत. बलुत्याप्रमाणे त्यासाठी कोणतेही काम करावे लागत नसे. शेतमालकाने सरवा वेचू देणे हा गावाचा अलिखित संकेत होता.

सुगीतील बदल

सोयाबीन आणि दुसरी सुगी

पूर्वी जिल्ह्यात खरिपातही ज्वारी मोठ्या प्रमाणावर घेतली जाई. देशात १९६४ मध्ये 'सीएसएच-१' हे संकरित वाण प्रसारित झाल्यानंतर खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. मात्र काढणीच्या वेळी पाऊस झाला की दाणे काळे पडत आणि त्यांना भाव मिळत नसे. पुढील काळात तिची जागा सोयाबीनने घेतली. कापूस हे जिल्ह्याचे जुने नगदी पीक असून मानवत आणि सेलू या त्याच्या प्रमुख बाजारपेठा आहेत.

सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात होते. त्यामुळे वर्षातील मोठी आर्थिक उलाढाल होळी-पाडव्याच्या सुमारास होण्याऐवजी दसरा-दिवाळीच्या सुमारास होऊ लागली. दोन्ही सुगींचे स्वरूप भिन्न आहे. ज्वारी प्रथम घरात येते आणि उरलेली बाजारात जाते. सोयाबीन मात्र मळणी झाल्यावर थेट बाजारात जाते. त्याचे दाणे घरच्या रोजच्या आहारात नसतात आणि भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. परिणामी सोयाबीन पिकविणाऱ्या अनेक कुटुंबांना भाकरीसाठी ज्वारी आणि जनावरांसाठी कडबा विकत घ्यावा लागतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार स्वस्त दरात आणि जानेवारी २०२३ पासून मोफत मिळणारे धान्य बहुतांशी गहू व तांदूळ हेच असल्याने आहारातील ज्वारीचा वाटाही घटला आहे.

सिंचन

पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे असून सेलू तालुक्याच्या परिसराला निम्न दुधना प्रकल्पाचा लाभ होतो. पाणी पोहोचलेल्या क्षेत्रात ऊस, हरभरा, गहू आणि हळद या पिकांकडे कल वाढला. पाणी न पोहोचलेल्या जमिनीतही कमी मजूर लागणारा हरभरा ज्वारीच्या जागी पेरला जाऊ लागला आहे.

यंत्रे आणि मजूर

बैलांच्या मळणीची जागा मळणी यंत्राने घेतली आणि खळी नाहीशी झाली. सोयाबीनची कापणी बहुधा मजुरांच्या टोळीला एकराप्रमाणे उक्ती दिली जाते. आता हार्वेस्टरचा वापरही वाढत आहे. रब्बी ज्वारीची काढणी मात्र अजून मुख्यतः हातानेच होते. याचे कारण कडब्यातच आहे. पीक उंच असल्याने ते आडवे पडण्याचा संभव असतो, आणि हार्वेस्टरने काढल्यास धाटांचे तुकडे होऊन अखंड पेंढी मिळत नाही. यंत्र वापरावे तर चारा जातो आणि चारा राखावा तर मजूर मिळत नाहीत, अशी ही अडचण आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमक्या याच काळात ज्वारीची सुगी येते.

याचा परिणाम भूमिहीनांवरही झाला आहे. सालगडी आणि बलुतेदार यांचे धान्यरूपी वाटे संपून रोख मजुरी आली. त्यामुळे मालकावरील अवलंबन कमी झाले, परंतु मजुरीचे दिवसही घटले. सरवा वेचण्याची रीत ज्वारीच्या क्षेत्राबरोबरच मागे पडली.

नैसर्गिक आपत्ती

तयार पीक शेतात असताना येणारा पाऊस हा दोन्ही सुगींचा मुख्य धोका आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात झालेल्या गारपिटीने ज्वारी, गहू व हरभरा ही पिके आडवी झाली. भिजलेला कडबा काळा पडून जनावरांच्या उपयोगाचा राहत नाही, त्यामुळे अशा वेळी नुकसान दुहेरी होते. ऑक्टोबर २०१९ मधील परतीच्या व अवकाळी पावसात काढणीस आलेल्या सोयाबीनच्या शेंगांतच दाण्यांना मोड फुटले. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत काढणीनंतरच्या काही प्रकारच्या नुकसानीचाही समावेश आहे.

संशोधन

परभणी येथे तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या काळात १९१८ मध्ये शेतीविषयक प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले, तर १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय स्थापन झाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना होऊन त्याचे मुख्यालय परभणीस आले. २०१३ मध्ये त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. 'परभणी मोती' ही विद्यापीठाची रब्बी ज्वारीची जात मोत्यासारख्या टपोऱ्या दाण्यासाठी ओळखली जाते. 'परभणी शक्ती' ही २०१८ मध्ये प्रसारित झालेली जात लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेली असून ती हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित झाली.

शासनाच्या हमीभावात संकरित आणि मालदांडी ज्वारीसाठी वेगळे दर असतात. २०२४-२५ च्या खरीप विपणन हंगामासाठी ते अनुक्रमे प्रति क्विंटल ३,३७१ आणि ३,४२१ रुपये होते, तर सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. या तुलनेत कडब्याचे मूल्य धरलेले नसते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्यामुळे शहरी ग्राहकांचे लक्ष ज्वारीकडे पुन्हा वेधले गेले.

भाषेतील ठसा

सुगीतील अनेक शब्द प्रत्यक्ष काम थांबल्यावरही बोलीत टिकून आहेत. बैल नसले तरी 'मुसकी बांधणे' हा वाक्प्रचार बोलण्यास मज्जाव करण्याच्या अर्थाने वापरला जातो. एखाद्या चांगल्या गोष्टीचे 'मातेरे होणे' म्हणजे ती वाया जाणे, हा प्रयोग खळ्यावरूनच आला आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान असलेल्या गंगाखेडसह गोदाकाठच्या गावांत जात्यावरील ओव्यांतून शेत, रास आणि माहेरी भरलेल्या कणग्या यांची वर्णने येतात. सुगीतून आलेले धान्य दळणाऱ्या स्त्रियांनी रचलेल्या आणि जतन केलेल्या या ओव्या सुगीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे मौखिक साधन मानल्या जातात.